लढाऊ विमानांच्या मॉडेलवरच्या खुणा: डिकलऐवजी रंगाने कशा काढायच्या

अमेरिकी लढाऊ विमानांवरच्या पांढऱ्या ताऱ्याच्या मधोमध मे १९४२ पर्यंत एक लाल गोल असायचा. जपानी विमानांवरही लाल सूर्य असल्यामुळे लांबून घोटाळा होऊ लागला आणि आपल्याच विमानांवर गोळ्या झाडल्या जाऊ नयेत म्हणून तो गोल काढून टाकला गेला. जून १९४३ मध्ये त्याच चिन्हाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या आणि भोवती लाल कड आली. ही लाल कडही फार टिकली नाही. त्याच वर्षी तिची जागा निळ्या कडेने घेतली. चिन्ह नीट वाचता आलं तर विमानाचं वर्ष कळतं, कधीकधी महिनासुद्धा.

युद्धकाळातल्या विमानावरची जवळपास प्रत्येक खूण अशीच कुठल्यातरी आदेशाने आलेली असते आणि तिच्यामागे तारीख असते. म्हणून माझा आग्रह असा की ब्रश हातात घेण्याआधी एकच विमान आणि त्याच्या आयुष्यातला एकच काळ पक्का करावा. मग खऱ्या विमानावर ज्या क्रमाने रंग चढला, शक्य तितका त्याच क्रमाने मॉडेलवर चढवावा. कुठला थर खाली आणि कुठला वर हे कळलं की मास्क (रंग नको तिथे लावायचे टेपचे तुकडे) कापण्यापासून रंग झिजवण्यापर्यंतचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

रंगानेच का, डिकल का नको? डिकलला (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या छापील खुणेला) फिल्मची जाडी असते, खाली हवा अडकली की ती चंदेरी दिसते, आणि छपाईत लाल गोल अर्धा मिलिमीटर सरकलेला असेल तर त्यावर इलाज नसतो. रंगवलेली खूण पॅनेलच्या रेषांमध्ये उतरते आणि आजूबाजूच्या रंगाबरोबर मळते, फिकट होते, झिजते. तरीही सगळंच रंगवायच्या हट्टाला पेटू नका. ब्रिटिश विमानाच्या सीरियल क्रमांकाची अक्षरं ८ इंच उंच आणि १ इंच जाड रेषेची असायची. १/७२ स्केलच्या मॉडेलवर, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या, ती रेषा ०.३५ मिलिमीटरची होते. असे क्रमांक आणि देखभालीच्या बारीक सूचना डिकलनेच लावाव्यात. राष्ट्रीय चिन्हं, स्क्वाड्रनची अक्षरं, पट्टे आणि रंगीत कडा मात्र रंगानेच खुलतात.

आधी फोटो वाचायचा

किटबरोबर येणारं रंगीत चित्र हा कुणीतरी काढलेला निष्कर्ष असतो. पुरावा म्हणजे त्या काळातला फोटो. तुमच्या विमानाचा फोटो मिळाला नाही, तर त्याच स्क्वाड्रनचं, त्याच महिन्यांतलं दुसरं विमान बघा. डाव्या बाजूचा फोटो असेल तर उजवी बाजू तंतोतंत तशीच होती असं धरू नका, विशेषतः वैयक्तिक चिन्हं आणि विजयाच्या खुणांबाबत.

कृष्णधवल फोटोत सगळ्यात मोठा धोका फिल्मचा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश दिसतच नाही. त्यामुळे लाल जवळजवळ काळा येतो, पिवळा गडद होतो आणि निळा बराच उजळ दिसतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा उजळ येतो आणि लाल-निळ्यातला फरक कमी होतो. म्हणून ब्रिटिश राउंडेलभोवतीचं (गोल राष्ट्रीय चिन्हाभोवतीचं) बाहेरचं कडं काळपट दिसलं म्हणून लगेच 'पिवळं कडं नव्हतं' असं ठरवू नये. आधी फोटोतली अशी वस्तू शोधा जिचा रंग नक्की माहीत आहे, उदाहरणार्थ पंखाची पिवळी पुढची कड किंवा राउंडेलमधला लाल गोल. त्यावरून फिल्म कुठली ते ठरवा आणि मगच बाकीचे रंग वाचा.

पुढचं सगळं एका ठोस विमानावर समजावून घेऊ: विंग कमांडर जॉनी (जेम्स एडगर) जॉन्सन यांचं स्पिटफायर मार्क ९, सीरियल ईएन ३९८, १९४३ चा उन्हाळा, इंग्लंडमधला केनली तळ. विंग कमांडरला स्वतःची आद्याक्षरं विमानावर लावायची मुभा असे, म्हणून धडावर स्क्वाड्रनच्या अक्षरांऐवजी 'जेई-जे' आहे. या काळातल्या दिवसाच्या ब्रिटिश फायटरचा नेम ठरलेला होता. वरून गडद हिरवा आणि ओशन ग्रे, खालून मीडियम सी ग्रे. स्पिनर (पंख्याच्या मधलं टोकदार टोपण), शेपटीपुढचा १८ इंची पट्टा आणि अक्षरं 'स्काय' या फिकट हिरवट रंगात. पंखांच्या बाहेरच्या भागाची पुढची कड पिवळी. पंखांवर वरून लाल-निळा बी प्रकारचा राउंडेल, पंखांखाली पांढऱ्या बारीक कड्याचा सी, आणि धडावर त्याभोवती पिवळं कडं असलेला सी-१.

हा सी प्रकार १९४२ च्या मध्यावर आला. त्याआधीच्या ए-१ मध्ये चारही रंगांची रुंदी सारखी असायची आणि लांबून पांढरा-पिवळा फार चमकायचा. नव्या प्रकारात तो भाग मुद्दाम अरुंद केला. जुन्या विमानावर ए-१ बुजवून सी-१ काढलेला असेल तर चिन्हाभोवती ताज्या रंगाचं ठिगळ राहतं. फोटोत ते दिसलं तर मॉडेलवर जरूर आणा, कारण अशाच ठिगळातून विमानाचा आधीचा काळ दिसतो.

मापं

सूत्र सोपं आहे: इंचातलं माप गुणिले २५.४, भागिले स्केल. १/४८ मध्ये एक इंच ०.५३ मिलिमीटर होतो, १/७२ मध्ये ०.३५ आणि १/३२ मध्ये ०.७९.

फायटरच्या धडावरचा सी-१ राउंडेल ३६ इंची. त्यात लाल गोल १२ इंच, पांढऱ्याचा बाहेरचा व्यास १६, निळ्याचा ३२ आणि पिवळ्याचा ३६, म्हणजे ३:४:८:९ हे प्रमाण. स्केलप्रमाणे व्यास असे येतात:

- १/७२: लाल ४.२, पांढरा ५.६, निळा ११.३, पिवळा १२.७ मिलिमीटर
- १/४८: लाल ६.३५, पांढरा ८.५, निळा १६.९, पिवळा १९ मिलिमीटर
- १/३२: लाल ९.५, पांढरा १२.७, निळा २५.४, पिवळा २८.६ मिलिमीटर

पंखाखालचा ३२ इंची सी राउंडेल म्हणजे हाच, फक्त पिवळं कडं वगळून. वरच्या बी राउंडेलचं प्रमाण २:५. स्पिटफायरवर तो ५६ इंची, म्हणजे १/४८ मध्ये निळा २९.६ आणि लाल ११.८५. उभ्या शेपटीवरचा चौकोन २४ बाय २४ इंच: पुढे ११ इंच लाल, मध्ये फक्त २ इंच पांढरा, मागे ११ इंच निळा. १/४८ मध्ये ती पांढरी रेघ जेमतेम एक मिलिमीटरची होते आणि तिथेच बहुतेकांची चूक होते. सवयीने ती जाड काढली की १९४३ चं विमान १९४० चं दिसू लागतं, कारण १९४० मध्ये तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे होते.

ज्या खुणेचं अधिकृत माप हाती नाही ती फोटोवरून काढा. ३६ इंची राउंडेल ही फोटोतच मिळालेली मोजपट्टी आहे. मात्र राउंडेल आणि अक्षर एकाच प्रतलात, शेजारी-शेजारी असायला हवीत. फोटो तिरका असेल तर उंचीचंच गुणोत्तर घ्या, रुंदीचं घेऊ नका. तिरकेपणात रुंदी आक्रसते, उंची बऱ्यापैकी टिकते.

सामान आणि मास्क कापणं

वाशी या जपानी कागदाचा पिवळसर मास्किंग टेप हा मुख्य आधार. तो पातळ असतो, कड स्वच्छ ठेवतो आणि उचलताना खालचा रंग सहसा सोडवत नाही. विनाइलचे मास्क फार नेटके कापले जातात, पण दुहेरी वळणाच्या पृष्ठभागावर ताणले जातात आणि गोलाचा अंडाकार होतो. सपाट पंखांवर विनाइल आणि गोलसर धडावर वाशी, अशी वाटणी मला पटते. तयार मास्कचे संच मिळतात. कटिंग प्लॉटर असेल तर हवं ते माप घरीच कापता येतं. नसेल तर गोल कापायचा कंपास-कटर, नवी पाती, स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट पुरे.

कंपास-कटरने कापताना टेप मॅटवर चिकटवून ठेवा आणि सगळे गोल एकाच मध्यबिंदूवरून, सगळ्यात लहानापासून सुरुवात करून कापा. मोठा गोल आधी कापला तर आतली चकती हलते आणि पुढची वर्तुळं सरकतात. सगळे काप पूर्ण होईपर्यंत काहीही उचलू नका. मध्यबिंदूला सुईचं भोक पडतं, पण ते लाल चकतीत येतं आणि लाल शेवटी मारायचा असल्यामुळे तिथे उडालेला ठिपका झाकला जातो. फार लहान गोलांना कटर फिरत नाही. त्यांना पंच वापरा.

एअरब्रशला ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरचं नोझल चालेल. लॅकर प्रकारचे रंग खुणांसाठी उत्तम, कारण थर पातळ बसतो आणि लवकर कडक होतो. वास आणि वाफ मात्र घातक असते. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने आणि तोंडावर वाफ गाळणारा मास्क याशिवाय लॅकर मारू नका.

पृष्ठभाग

टेपबरोबर खालचा रंग निघून येण्याचं कारण टेपमध्ये क्वचितच असतं; प्लास्टिकवर राहिलेला तेलकटपणा किंवा न दिलेला प्रायमर हेच बहुधा कारण असतं. किटचे भाग साबणाच्या पाण्याने धुवा, प्रायमर द्या, कॅमोफ्लाज पूर्ण वाळू द्या. मग पोटाखाली, जिथे नजर जात नाही, तिथे टेप दाबून चिकटवा आणि उचलून बघा. तिथे टिकला तर बाकी ठिकाणीही टिकेल.

मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि टेपच्या कडेखालून रंग झिरपतो. खुणा काढण्याआधी त्या जागी सॅटिन किंवा ग्लॉस क्लिअरचा (पारदर्शक वॉर्निशचा) एक पातळ थर द्यावा. टेपचा चिकटपणा जास्त वाटला तर आधी तो तळहाताच्या मागच्या बाजूला एक-दोनदा लावून उचला.

क्रमाच्या नियमाला मी इथे एक अपवाद करतो. पंखाची पिवळी पुढची कड आणि शेपटीपुढचा स्काय पट्टा खऱ्या विमानावर कॅमोफ्लाजच्या वर होते, तरी मॉडेलवर मी ते कॅमोफ्लाजच्या आधी मारून झाकून ठेवतो. गडद हिरव्यावर पिवळा उठवायला इतके थर लागतात की कडेला उंचवटा तयार होतो, आणि पुढच्या कडेवर तो लगेच डोळ्यात भरतो.

राउंडेल: एका वेळी एकच कडं उघडायचं

सी-१ चा मास्क कापून झाला की हातात पाच तुकडे असतात: बाहेरची चौकट, पिवळ्याचं कडं, निळ्याचं कडं, पांढऱ्याचं कडं आणि लाल चकती. हे पाचही तुकडे शेवटपर्यंत वापरात राहतात, म्हणून एकही टाकू नका.

चौकटीवर पेन्सिलने आडवी आणि उभी मध्यरेषा आखा. ती रेषा धडावरच्या पॅनेलच्या रेषांशी जुळवून चौकट बसवा. राउंडेलची जागा फोटोत बघताना 'दरवाजापासून इतकं मागे, या पॅनेलच्या रेषेला स्पर्श करून' असा पत्ता शोधा. नुसत्या अंतरापेक्षा तो विश्वासार्ह असतो. दुसऱ्या बाजूची चौकट लावल्यावर मॉडेल वरून बघा आणि दोन्ही राउंडेल शेपटीपासून सारख्या अंतरावर आहेत का ते तपासा. धडाच्या वळणावर चौकटीच्या बाहेरच्या कडेला छोट्या चिरा दिल्या की सुरकुती येत नाही. टूथपिकच्या बोथट टोकाने आतली कड सगळीकडे दाबा, आणि पॅनेलची रेषा जिथे मास्कखालून जाते तिथे जास्त लक्ष द्या, कारण रंग तिथूनच शिरतो.

आता पूर्ण उघड्या गोलावर पांढरा. पांढरा म्हणजे शुद्ध पांढरा नव्हे, त्यात थेंबभर राखाडी टाका. रंग दुधासारखा पातळ करा, दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर पाच-सहा सेंटिमीटर. एअरब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरा. कडेकडे तिरका धरला की हवा रंगाला टेपखाली ढकलते. तीन-चार हलके थर द्या आणि प्रत्येकामध्ये दोन मिनिटं थांबा. खालचा हिरवा-राखाडी अगदी पुसटसा जाणवत असतानाच थांबायला शिका. पुढे क्लिअर आणि मॅटचे थर बसले की रंग पुरेसा भरतो, आणि जाडी वाचते.

पांढरा वाळला की बाकीचे चार तुकडे चौकटीत परत बसवा: चौकटीला लागून पिवळ्याचं कडं, त्याच्या आत निळ्याचं, मग पांढऱ्याचं, मध्ये लाल चकती. सगळं अचूक कापलेलं असेल तर ते नेमकं बसतं, वेगळं मोजायची गरज नाही. आता फक्त पिवळ्याचं कडं उचला. उघड्या जागेवर आधी क्लिअरचा एक फवारा द्या, म्हणजे टेपच्या फटी क्लिअरनेच भरतील, आणि मग पिवळा मारा. वाळल्यावर पिवळ्याचं कडं परत ठेवा आणि निळ्याचं उचला. पुन्हा क्लिअर, मग निळा. निळ्याचं कडं परत ठेवा, लाल चकती उचला, क्लिअर, लाल. पांढऱ्याचं कडं एकदाही उचललेलं नाही, त्याखाली सुरुवातीचा पांढरा जसाच्या तसा आहे. या पद्धतीत कुठल्याही जागी पांढरा आणि त्या जागेचा स्वतःचा रंग एवढेच थर पडतात. एकावर एक रंग चढवत गेलं तर मध्यभागी चार रंगांचा डोंगर होतो.

लाल आणि निळ्याची छटा महत्त्वाची. युद्धाआधीचे ब्रिटिश लाल-निळे चमकदार होते. सी प्रकारात वापरलेला लाल विटकरीकडे झुकणारा आणि निळा काळपट होता. डबीवर फक्त 'लाल' लिहिलेला रंग सरळ मारला तर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. लालात थोडा तपकिरी, निळ्यात थोडा राखाडी घाला आणि आधी प्लास्टिकच्या तुकड्यावर शेजारच्या ओशन ग्रेच्या जोडीला बघा, कारण रंग शेजारच्या रंगावरून ठरतो.

टेप उचलायची वेळ रंग स्पर्शाला कोरडा पण आतून अजून थोडा मऊ असतानाची. लॅकरमध्ये ही वेळ लवकर येते. रात्रभर ठेवू नका, कारण पूर्ण कडक झालेला रंग कडेला तुकड्यांनी तुटतो. टेप स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, सावकाश मागे ओढा. कडेला उंचवटा जाणवला तर पूर्ण वाळल्यावर ३००० किंवा ४००० नंबरचा पॉलिशपेपर पाण्याने ओला करून दोन-तीनदा हलका फिरवा. रंग कुठे झिरपला असेल तर तासून टोकदार केलेली टूथपिक थिनरमध्ये बुडवून, कागदावर टिपून, तेवढाच भाग पुसा.

अक्षरं

अक्षरांसाठी संगणकातला तयार फॉन्ट वापरू नका. स्क्वाड्रनमधल्या रंगाऱ्याने स्टेन्सिल किंवा पट्टीने काढलेल्या अक्षरांची ठेवण प्रत्येक ठिकाणी वेगळी असे. फोटो मोठा करा, राउंडेलवरून उंची काढा, रेषेची जाडी मोजा आणि 'जे'चं खालचं टोक कितपत वळतं ते बारकाईने बघा. 'ए', 'पी', 'बी' अशा अक्षरांतली आतली बेटं वेगळी ठेवावी लागतात. ती कापतानाच टेपवर छोट्या खुणांनी जागा नोंदवा.

अक्षरं आणि राउंडेल यांच्यातली मोकळी जागाही फोटोवरून घ्या. जागा कमी पडली की रंगारी अक्षर आखूड करायचे किंवा पुढे ढकलायचे, आणि ही तडजोड फोटोत दिसते. अक्षराखाली गडद हिरवा आणि राखाडी दोन्ही असतात, म्हणून स्कायआधी फिकट राखाडीचा पातळ थर द्या, नाहीतर एकाच अक्षरात दोन छटा दिसतील.

आक्रमणाचे पट्टे

जॉन्सन यांचंच नॉर्मंडीवरच्या आक्रमणाच्या वेळचं विमान, एमके ३९२, करायचं ठरवलं तर जून १९४४ चे काळे-पांढरे पट्टे आले. नियम असा: पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा असे पाच पट्टे, एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक १८ इंच, दोन इंजिनांच्या विमानावर २४ इंच. चार इंजिनांच्या जड बॉम्बरना ते नव्हते. ६ जूनच्या आक्रमणात दोस्त राष्ट्रांच्या तोफांनी दोस्त राष्ट्रांचीच विमानं पाडू नयेत म्हणून हे पट्टे होते, आणि गुप्तता राखण्यासाठी ते अगदी शेवटच्या क्षणी मारायला लावले. त्यामुळे एका रात्रीत असंख्य विमानांवर, मिळेल त्या ब्रशने पट्टे चढले.

१/४८ मध्ये १८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, पाचही मिळून ४७.६. साडेनऊ मिलिमीटरच्या टेपच्या पाच समान पट्ट्या कापा. आधी पाचही पट्टे मावतील एवढी जागा बाहेरून टेपने सीमित करून पूर्ण पांढरी करा. वाळल्यावर पाचही पट्ट्या एकमेकींना चिकटून लावा, दुसरी आणि चौथी उचला, आणि तिथे काळा मारा. पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्यामुळे रुंदी आपोआप सारखी राहते. काळाही निखळ काळा घेऊ नका. गडद राखाडी घेतला की आकाराच्या मानाने योग्य दिसतो.

अडचण येते ती धडावर. स्पिटफायरचं धड मागे निमुळतं होत जातं. सरळ टेप अशा धडाभोवती गुंडाळला की तो पुढच्या, जाड बाजूला वळत जातो आणि खाली दोन टोकं भेटत नाहीत. म्हणून कडेची रेषा आधी दोन मिलिमीटरच्या बारीक, लवचिक टेपने आखा, बाजूने बघून ती उभ्या शेपटीला समांतर आहे का ते तपासा, आणि मगच रुंद टेपने आतली जागा भरा. पंखावर पट्टे राउंडेलच्या आतल्या बाजूला येतात, आणि नियमानुसार राष्ट्रीय चिन्ह झाकायचं नव्हतं. सीरियल क्रमांकाभोवती रंगाऱ्यांनी चौकोनी जागा सोडलेली बऱ्याच फोटोंत दिसते.

हे पट्टे घाईत मारले होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून काहीजण ते मुद्दाम फार वेडेवाकडे काढतात. फोटो बघितले तर काही विमानांवरच्या कडा थरथरत्या आहेत, काहींवर चांगल्या सरळ आहेत. तुमच्या विमानाचा फोटो सांगेल तितकंच करा. घाई दाखवायची असेल तर कडेला टेप लावून मारलेल्या पट्ट्यावर शेवटी बारीक ब्रशने कड दोन-तीन ठिकाणी किंचित पुढे ओढा, आणि पांढऱ्यात ब्रशच्या ओढींची जाणीव होईल असा एक विरळ थर हाताने द्या. जुलै १९४४ पासून पंखांच्या आणि धडाच्या वरच्या बाजूचे पट्टे काढले जाऊ लागले, कारण फ्रान्समधल्या पुढच्या तळांवर उभी विमानं वरून सहज दिसत. त्या काळातलं विमान करत असाल तर वरच्या बाजूला ताज्या हिरव्या-राखाडीचे आयताकृती भाग येतील, आणि त्यांच्या कडेला जुना पांढरा डोकावू शकतो.

बाकी देशांच्या खुणा

अमेरिकी तारा भूमितीवर चालतो. वर्तुळाची त्रिज्या धरा. ताऱ्याची पाचही टोकं वर्तुळाला टेकतात. बाजूच्या पट्टीची लांबी एक त्रिज्या, रुंदी अर्धी त्रिज्या, आणि तिची वरची कड ताऱ्याच्या आडव्या बाहूंच्या वरच्या कडेशी एका रेषेत. भोवतीची निळी कड त्रिज्येच्या एक अष्टमांश. आधी सगळ्या जागेवर पांढरा, मग तारा आणि पट्ट्या झाकून निळा. पंखांवर हे चिन्ह सहसा वरून फक्त डावीकडे आणि खालून फक्त उजवीकडे असतं. मात्र नौदलाच्या १९४२ च्या विमानांवर ते चारही जागी असायचं, तेव्हा फोटो बघूनच ठरवा.

जर्मन विमानात आकडे बोलतात. गटातल्या पहिल्या श्टाफेलचा (जर्मन स्क्वाड्रनचा) आकडा पांढरा, दुसऱ्याचा लाल, तिसऱ्याचा पिवळा. वैमानिक हान्स-योआखिम मार्साय उत्तर आफ्रिकेत तिसऱ्या श्टाफेलमध्ये होते, म्हणून त्यांच्या मेसरश्मिट १०९ वर 'पिवळा १४' आणि धडाच्या मागच्या भागात त्या आघाडीचा पांढरा पट्टा. दुसऱ्या गटाला आकड्याच्या मागे आडवी पट्टी असायची, पहिल्याला नाही. शेपटीवरचं नाझी चिन्ह बऱ्याच किटमध्ये नसतं किंवा तुकड्यांत दिलेलं असतं. प्रदर्शनात मॉडेल न्यायचं असेल तर तिथले नियम आधी बघा.

जपानी सूर्य मास्कच्या दृष्टीने सगळ्यात सोपा, पण इथेही थर बघा. हिरव्या कॅमोफ्लाजवर त्याला पांढरी कड असायची, आणि पुढे ती फार उठून दिसते म्हणून काही विमानांवर हिरव्याने बुजवली. मॉडेलवरही आधी पांढरी कड खरोखर रंगवा आणि मग थोड्या वेगळ्या हिरव्याने झाका. सरळ वेगळा हिरवा मारला तर ती खालून उमटणारी कड मिळत नाही.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर याच जपानी सूर्यामुळे ब्रिटिशांनी राउंडेलमधला लाल काढून टाकला आणि गडद निळ्यात फिकट निळा गोल ठेवला. रॉयल एअर फोर्सच्या आणि भारतीय हवाई दलाच्या हरिकेन फायटरवर हेच चिन्ह होतं. जुन्या राउंडेलवर रंगवलेलं असल्यास आकार लहान-मोठे असू शकतात, तेव्हा इथे नियमापेक्षा फोटोचंच ऐका.

शेवटचे थर

सगळ्या खुणा झाल्यावर संपूर्ण मॉडेलला ग्लॉस क्लिअर, मग सीरियल आणि बारीक डिकल, त्यावर पुन्हा पातळ क्लिअर, पॅनेलच्या रेषांना वॉश (रेषांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि शेवटी मॅट. झीज आणताना थरांचा क्रम लक्षात ठेवा: आक्रमणाचे पट्टे खरवडले तर खालून कॅमोफ्लाज दिसेल, धातू दिसणार नाही. उन्हात फिकट होणं वरच्या बाजूला जास्त, पंखांखाली कमी.

मॅट वाळला की मॉडेलचा फोटो मूळ फोटोच्याच कोनातून काढा आणि कृष्णधवल करून दोन्ही शेजारी ठेवा. मूळ फोटो ऑर्थोक्रोमॅटिक असेल तर फोटो-ॲपमध्ये लाल रंगाची तीव्रता पूर्ण खाली आणून मग तुलना करा. राउंडेलमधला निळा आणि शेजारचा ओशन ग्रे यांच्यातला फरक दोन्हीकडे सारखा आहे का, पिवळं कडं तितकंच गडद उतरलंय का, अक्षराची जाडी जुळते का, हे अशा वेळी लगेच कळतं. आणि एखादा रंग चुकीचा निघाला तर चौकटीचा मास्क अजून हाताशी असतानाच त्यावर एक पातळ, सुधारलेला थर देता येतो.